डोंगरउतारावरचे पाणी आणि खालच्या गावांची वर्गणी

(दुष्काळ निवारण समितीच्या विद्यमाने आळे येथे भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान. ज्या देणगीदारांस सभेस येता आले नाही, त्यांच्या माहितीकरिता समितीच्या विनंतीवरून येथे छापले आहे.)



आजच्या सभेत मी बोलावे असे समितीने ठरविले, ह्यात तिचा व्यवहारी हेतू मला दिसतो. वकिलाचे भाषण लांबते, आणि भाषण लांबले की श्रोता सुटकेसाठी का होईना वर्गणीच्या वहीकडे वळतो. तो हेतू सफल होवो. परंतु वही उघडण्यापूर्वी त्या पैशाचे काय करावयाचे, ह्याविषयी माझे काही म्हणणे आहे, आणि ते समितीतील काही मंडळींस रुचलेले नाही हेही मी आरंभीच सांगून टाकतो.

आळे हे गाव ज्ञानदेवांच्या रेड्याच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. ज्या गावाने एका मुक्या जनावराची समाधी इतकी शतके जपली, त्या गावास तहानलेल्या जनावरांचे दुःख शब्दांनी समजावून सांगण्याची गरज नाही. वरच्या पठारावरील वस्त्यांवर टँकर पाठविण्यासाठी आणि चाऱ्याच्या गाड्यांसाठी आपण प्रत्येक कोरड्या वर्षी पैसे देता, आणि ते मनापासून देता. त्या दानास नावे ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. तहानेला ‘उद्या ये’ असे सांगता येत नाही. परंतु चैत्र-वैशाखात आपण डिझेल जाळून घाटाच्या वर जे पाणी चढवितो, तसलेच पाणी त्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्याच घाटावरून आपल्या डोळ्यांदेखत फुकट खाली वाहून गेलेले असते. ते उतरत असताना आपल्यापैकी एकानेही हात आडवा केलेला नसतो. मला जे बोलावयाचे आहे ते ह्याच पाण्याविषयी.

आपल्या तालुक्याची रचना प्रथम डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेस नाणेघाट, जीवधन, हरिश्चंद्रगडाची रांग आणि माळशेज. तेथे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटर आपण आळ्यास आलो की तो वीस-पंचवीस इंचांवर येतो, आणि आणे घाट चढून पठारावर गेलो की त्याचाही भरवसा राहत नाही. पश्चिमेचे पाणी कुकडी, मीना, पुष्पावती आणि आंबेगावकडची घोड ह्या नद्यांनी पूर्वेकडे येते. ते अडविण्यासाठी माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे व येडगाव अशी पाच धरणे कुकडी प्रकल्पात बांधली गेली आणि त्यांचे कालवे आपल्या शिवारातून पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत गेले. आळेफाट्याच्या कांद्याच्या बाजारात आज जी उलाढाल दिसते, तिच्यामागे ह्या कालव्यांचे पाणी आहे, हे येथे बसलेल्या व्यापारी मंडळींस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

पण कालव्याचा एक स्वभाव आहे. तो पृथ्वीच्या ओढीवर चालतो. ज्या रेषेवरून तो काढला त्या रेषेच्या खाली तो सर्वांस पाणी देतो, आणि वर एका हातासही देत नाही. पठारावरचा शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून खाली चमकणारा कालवा पाहू शकतो, आणि त्याच वेळी त्याच्या दारातील पिंप कोरडे असते. यंत्राने उपसून पाणी वर न्यावे अशी मागणी पुष्कळ वर्षांची आहे व ती रास्तही आहे. तथापि तिच्या पूर्ततेची वाट पाहत असताना पठारावर आणि उतारावर जो पाऊस स्वतः चालून येतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

तो हिशेब आपण मांडू. व्यापारी मंडळी आकड्यांनी लवकर पटतात. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लक्ष लिटर पाणी पडले. शंभर एकरांचा एक डोंगरउतार घ्या. असे उतार आळेखिंडीकडे किती आहेत आणि आणे घाटाच्या तोंडाशी किती आहेत, हे आपण सर्व जाणता. त्यावर एका संध्याकाळी वळवाचा दोन इंच पाऊस झाला, तर दोन कोटी लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरांच्या टँकरांनी मोजू म्हटले तर ते दोन हजार टँकर झाले. एका संध्याकाळी, एका उतारावर. त्यातील सगळे धरून ठेवता येणार नाही. काही हवेत उडेल, काही झाडझाडोरा पिईल, काही कसेही वाहून जाईल. पण चौथा हिस्सा जरी जमिनीत मुरला, तरी पाचशे टँकर झाले. आपली समिती एका उन्हाळ्यात टँकरांवर काय खर्च करते ते अहवालाच्या मागील पानांवर छापले आहे. तो आकडा ह्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

आता हे पाणी मुरत का नाही? मी शास्त्रज्ञ नव्हे. कॉलेजात विज्ञानाचे जे थोडे शिकलो ते कज्जेदलालीत बरेचसे विसरलो. परंतु हा प्रश्न समजण्यास फार विद्या लागत नाही. पृथ्वी वस्तूंस आपणाकडे ओढते ही गोष्ट आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त ११५० साली नमूद केली, आणि न्यूटनने १६८७ साली तिला गणिताच्या नियमात बांधले. सपाट जमिनीवर ही ओढ पाण्यास सरळ खाली, म्हणजे मातीत खेचते. जमीन तिरपी झाली की त्या ओढीचा एक हिस्सा उताराच्या दिशेने पळविण्याकडे लागतो. उतार जितका उभा तितका हा हिस्सा मोठा, आणि पाण्यास मातीत शिरण्यास मिळणारा वेळ तितका थोडा. उतार चौपट झाला की पाण्याचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला की त्याची खरवडण्याची शक्ती चौपट होते. आणि दुप्पट वेगाचे पाणी ज्या धोंड्यास ढकलू शकते, त्याचे वजन चौसष्टपट असू शकते, असा एक जुना नियम आहे. ओढ्यास पूर येऊन गेल्यावर ‘हा एवढा धोंडा येथे कोणी आणला’ असे आपण म्हणतो, त्याचे उत्तर ह्या चौसष्टात आहे.

ह्यात आणखी एक गोष्ट मिळवा. वळवाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदास सुमारे नऊ मीटर असतो. गवत असेल तर तो मार गवत झेलते. उघड्या मुरमावर आणि बारीक मातीवर तो थेंब हातोडीसारखा बसतो, मातीचे कण उडवितो, आणि ते कण जमिनीची छिद्रे लिंपून टाकतात. शेणाने सारविलेल्या अंगणावर पाणी ओता, ते कसे सरकते पाहा. उघडा डोंगर पहिल्या सरीतच स्वतःस असे सारवून घेतो.

पाण्याच्या ह्या कामाची साक्ष पाहिजे असेल तर फार लांब जावयास नको. आणे घाटात गुळुंचवाडीजवळ खडकाचा जो नैसर्गिक पूल आहे, तो कोण्या गवंड्याने बांधलेला नाही. ओढ्याने खालचा खडक झिजवून काढला आणि वरचा राहिला. दुसरी साक्ष बोरीची. कुकडीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी त्याचा अभ्यास केला. ती राख सुमात्रा बेटावरील तोबा पर्वतातून वाऱ्याने आलेली आहे असे मानतात. ती नेमकी किती जुनी ह्याविषयी त्यांच्यात वाद आहे, त्यात मी पडत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. आकाशातून राख पडली ती सर्व मुलखावर पडली असणार. डोंगरावर ती आज दिसत नाही. नदीकाठच्या खोलगटात मात्र ती थराने सापडते. उतारावर जे पडते ते उतारावर राहत नाही, ही रीत फार प्राचीन काळापासून चालू आहे.

आता मी माझ्या क्षेत्रात येतो, आणि येथे मला एक कबुली द्यावयाची आहे.

१८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा आपल्या मुंबई इलाख्यास १८९१ साली लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाच्या उदाहरणांत असे तत्त्व आहे की, वरच्या जमिनीवर पडणारे पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीवर वाहू देणे हे खालच्या मालकास भाग आहे. वरच्याचा तो हक्क आहे. पुढे १९०६ च्या मामलतदार न्यायालयांच्या कायद्याने असे पाणी अडविणारा अडथळा काढून टाकण्याचा अधिकार मामलतदारास दिला. कायदा करणाऱ्यांनी पृथ्वीच्या ओढीपुढे मान तुकविली आणि तिलाच कायदा म्हटले. ह्यात गैर काही नाही. परंतु ह्या कायद्याने एक गोष्ट सांगितली नाही. पाणी खाली पाठविण्याचा वरच्यास हक्क आहे हे सांगितले, पण ते कोणत्या वेगाने, किती माती घेऊन, आणि अर्ध्या तासात की आठ महिन्यांत, ह्याविषयी तो मुका आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नवा वकील असताना, उतारावरील एका शेतकऱ्याचे काम माझ्याकडे आले. गाव मी सांगत नाही. त्याच्या खालच्या शेजाऱ्याने सामाईक बांधावर दगडमातीची उंच ताल घातली होती, आणि पावसात पाणी तुंबून माझ्या पक्षकाराच्या शेताच्या कडेचे काही वाफे पिवळे पडत असत. मी वरील दोन्ही कायदे उघडले, जुने निवाडे काढले, आणि अडथळा दूर करण्याचा हुकूम मिळविला. ताल फोडली गेली. पक्षकाराने पेढे आणून दिले आणि मीही ते चवीने खाल्ले.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी तोच गृहस्थ पुन्हा माझ्या दाराशी आला. फोडलेल्या तोंडातून पाणी असे कोसळू लागले होते की तेथे आधी खड्डा पडला आणि खड्ड्याची घळ झाली. ह्या घळीचे एक विचित्र लक्षण असते, ते तेव्हा मला ठाऊक नव्हते. पाणी खाली जाते, पण घळ वर चढते. कोसळणारे पाणी आपल्या पायथ्याची माती खाऊन टाकते, वरची कड ढासळते, आणि घळीचे तोंड दर पावसास थोडेथोडे मागे, म्हणजे चढाकडे सरकते. ती घळ माझ्या पक्षकाराच्या शेतात शिरली होती. जे पिवळे वाफे वाचविण्यासाठी आम्ही भांडलो ते सबंध वाफेच तिने नेले. खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीस पूर्वी मार्गशीर्षापर्यंत पाणी असे, ते दिवाळीसच आटू लागले. तो गृहस्थ मला म्हणाला, “वकीलसाहेब, आता त्या घळीवर मनाईहुकूम आणता येतो का बघा.” तो थट्टेने म्हणाला की खरेच, हे मला अजून कळलेले नाही. माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या तालीस एक दगडी सांडवा ठेवून तिची उंची हातभर कमी केली असती, तर दोघांचेही भागले असते. पण सांडव्याची गोष्ट मी काढली नाही, कारण मला दावा जिंकावयाचा होता.

तेव्हापासून उतारावरील जमिनीचा सातबारा पाहिला की माझ्या मनात एक विचार येतो. एका गटातील जमीन दुसऱ्यास द्यावयाची तर खरेदीखत पाहिजे, मुद्रांक पाहिजे, साक्षीदार पाहिजेत. परंतु वरच्याच्या शेतातील माती दर पावसाळ्यात खालच्याच्या शेतात जाते, तिची नोंद कोठेही होत नाही. वरच्याच्या नावावर एकर तेवढेच राहतात, उरतो तो मुरूम. खालच्यास काळी जमीन मिळते, आणि तिचा भाव आपण सर्व जाणतो. येथे बसलेल्या बागाईतदारांपैकी कोणास दुखविण्याचा माझा हेतू नाही. माझीही चार एकर जमीन खालच्याच अंगास आहे, आणि तिच्यातील काळ्या मातीचा पुष्कळसा भाग कोणाच्या तरी डोंगरावरून आलेला आहे.

म्हणून मी असे म्हणतो, आणि मतभेद आहे तो येथेच. समितीतील काही मित्र म्हणतात की, वर्गणी आळे, संतवाडी, कोळवाडी, वडगाव आनंद, राजुरी, बेल्हे ह्या गावांतील लोकांनी द्यावी आणि चर मात्र वरच्या लोकांच्या बरड जमिनीवर खणावेत, हा कोठला न्याय? त्यांनी आपल्या जमिनीचे आपण पाहावे. मी उलट विचारतो. वरच्या बरडावर चर खणला तर वरच्यास काय मिळते? मूठभर गवत. त्या चरात मुरलेले पाणी मुरमातून, खडकाच्या फटींतून वाट काढीत अखंड थरावर येते, त्यावरून तिरपे सरकत खाली येते, आणि कोणाच्या विहिरीस पाझरते? आपल्या. पृथ्वीची ओढ जमिनीच्या पोटातही थांबत नाही, तेथे तिला फक्त वाट बिकट असते. डोंगरावरचे पाणी आपणाकडे येणारच आहे. ते ओढ्यातून अर्ध्या घटकेत गढूळ होऊन यावे, की जमिनीखालून आठ महिन्यांत स्वच्छ होऊन यावे, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे. लाभ जर वरून खाली उतरणार, तर त्याचा खर्च खालून वर चढला पाहिजे. वाजिबपणा तो हाच.

ह्या तालुक्यात ही कल्पना नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत पाण्याच्या टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दान केल्याचा लेख तेथे आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी मनुष्याने, दोन पोढ्या दिल्याची नोंद आहे. हे लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातले. आपल्या आडत्या मंडळींचे ते पूर्वजच म्हणावयाचे, आणि त्यांनी पाणी पायथ्याशी नव्हे तर डोंगराच्या अंगावर खडक खोदून धरले. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी आपण पाहिली आहेत. गड लढविणाऱ्यास ठाऊक होते की खाली गेलेले पाणी परत वर येत नसते. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात सरकारने फौजेतील व पोलिसांतील फालतू माणसांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळेल, अशी सूचना केली होती. १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ त्यांनी पाहिला होता.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलमंडळींनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी गिळल्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लक्ष लोक दुष्काळी कामांवर होते. त्या हातांनी पुष्कळ रस्ते झाले, पाझर तलावही झाले. पण बहुतेक तलाव पायथ्याशी झाले आणि वरचे डोंगर उघडेच राहिले, त्यामुळे त्यांत पाण्याआधी गाळ भरला. ह्याच दुष्काळातून धडा घेऊन विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची जमीन कराराने घेऊन उतारावर पाणी अडविले, आणि पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरविता घरातील माणसांवर ठरविला. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी येथे १९७५ पासून, आणि नगरजवळ हिवरे बाजार येथे १९९० च्या सुमारास जे काम सुरू झाले, ते आपणांपैकी पुष्कळांनी जाऊन पाहिले आहे. हिवरे बाजारास पाऊस आपल्यापेक्षा कमीच. तेथील लोकांनी डोंगरावर समपातळीत चर खणले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, आणि पिण्याव्यतिरिक्त विंधनविहिरी घेणे बंद केले. चर पाहून आपण कौतुकाने परत येतो, बंदीचे मात्र बोलत नाही, हा आपला दोष आहे. वर चर खणावयाचे आणि खाली नव्या विंधनविहिरी घेऊन शेततळी भरावयाची, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. ह्याविषयी ग्रामसभेत ठराव झाल्याखेरीज समितीने एक फावडेही उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चराईबंदीचा भार कोणावर पडतो तेही पाहिले पाहिजे. डोंगरावर ज्यांची शेरडेमेंढरे चरतात त्यांची घरे बहुधा आपल्या वर्गणीच्या यादीत नसतात. त्यांस तीन पावसाळे डोंगर सोडा असे सांगावयाचे, तर तेवढ्या काळाचा चारा किंवा त्याची किंमत आपण द्यावयास हवी. ज्याचा त्याग त्याला मोबदला नाही आणि ज्याला लाभ त्याची फक्त शाबासकी, असा व्यवहार मी कोर्टातही चालू देणार नाही.

एका गोष्टीची मात्र भीती मनात ठेवून हे काम केले पाहिजे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. अतिवृष्टी, उभा उतार, तोडलेली झाडे, उतार कापून केलेले सपाटीकरण, अशी अनेक कारणे पुढे आली, आणि कोणत्या कारणाचा वाटा किती ह्यावर जाणत्यांत मतभेद राहिले. पण त्यामागील व्यवहार समजून घ्यावा असा आहे. उभ्या उतारावरची माती कणाकणांच्या घर्षणाने तग धरून असते. तिच्यात पाणी फार भरले की तिचे वजन वाढते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मग जी ओढ एरवी पाण्यास खाली नेते, तीच सबंध डोंगराची कूस खाली नेते. म्हणून ‘जेथे उतार तेथे चर’ हा नियम नव्हे. वस्तीच्या डोक्यावर, उभ्या आणि जाड मातीच्या उतारावर पाणी मुरविण्यापेक्षा ते दगडी पन्हाळीने बाजूस काढून देणे हेच शहाणपणाचे. भूगर्भशास्त्र जाणणाऱ्या मनुष्याने उतार चढून पाहिल्याखेरीज वस्तीच्या वरच्या अंगास यंत्र लावू नये. आदिवासी भागात पडकईची जी रीत आहे, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून हाताने, दगडावर दगड रचून भातखाचरे करण्याची, तीत सावकाशी आहे, आणि डोंगराशी वागताना ती गुणाची आहे.

यंत्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. देणगीदारास आपल्या पैशाचे काम डोळ्यांनी पाहावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. ओढ्यात यंत्र उतरवून तो दोन पुरुष खोल केला की पहिल्याच पावसात पाण्याने भरलेला ओढा दिसतो, छायाचित्र निघते, नारळ फुटतो. डोंगरावर दीड-दोन फूट खोलीचा चर काही दिसत नाही, त्यात पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी पाणीही दिसत नाही. पण ते तेथे दिसत नाही हेच त्याचे यश आहे. माथ्यापासून आरंभ केला तर खालच्या बंधाऱ्यास कमी पाण्याचा आणि कमी गाळाचा मार बसतो व तो टिकतो. पायथ्यापासून आरंभ केला तर एका मोठ्या पावसात सर्व धुऊन जाते. सर्व ओझे एकट्या खालच्या बंधाऱ्याने पेलावे ही अपेक्षाच चुकीची.

ह्या कामास लागणारी हत्यारेही जड नाहीत. कुदळ, फावडे, पहार, आणि गवंड्याजवळ असते ती पाण्याची पारदर्शक नळी. नळीच्या दोन टोकांतील पाणी समान पातळीवर राहते, म्हणून एक टोक येथे, दुसरे वीस पावलांवर धरून उतारावर बरोबर आडवी रेघ काढता येते, आणि त्या रेघेवर फक्की टाकीत जावयाचे. जी ओढ पाणी पळविते, तीच त्याला कोठे थांबवावे हेही दाखविते. शाळेतील मुले हे अर्ध्या तासात शिकतात. मोठ्यांस थोडा अधिक वेळ लागतो, कारण ते नळीपेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात. चर दोन वीतही उताराकडे झुकला तर तो चर न राहता पाट होतो, आणि सगळे पाणी एका टोकास नेऊन नवी घळ पाडतो. तेव्हा घाई नको.

समितीने ह्या वर्षी वर्गणीच्या वहीत दोन रकाने आखावेत अशी विनंती मी केली होती, आणि मतभेद असूनही ती मान्य झाली ह्याबद्दल मी आभारी आहे. पहिला रकाना टँकर व चारा ह्यांचा. तो भरलाच पाहिजे, कारण हा उन्हाळा काढावयाचा आहे. दुसरा डोंगरकामाचा. त्यात चर, अनगड दगडांचे बांध, गवताचे बी, आणि मेंढपाळांच्या चाऱ्याची भरपाई, एवढ्याच बाबी येतील, व त्यांचा हिशेब पुढील अहवालात निराळा छापला जाईल. काम आळेखिंडीच्या बाजूच्या एका ओहोळाच्या अगदी वरच्या टोकापासून सुरू करावयाचे असून, ते पुरे झाल्याखेरीज दुसरा ओहोळ हाती घ्यावयाचा नाही. ज्यांस पैसे देण्यापूर्वी जागा पाहावयाची असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी सात वाजता खिंडीत यावे. पायांत चांगली पादत्राणे असावीत, चढ आहे.

ती ताल फोडण्याच्या कामी मी पक्षकाराकडून जी फी घेतली होती, तिचा आकडा माझ्या जुन्या वहीत सापडला. इतक्या वर्षांचे व्याज धरून ती रक्कम मी आजच दुसऱ्या रकान्यात, पहिल्या ओळीवर लिहिली आहे. वही अध्यक्षांपुढे आहे.